रेंगाळलेलं हात-खांद्याचं दुखणं आणि अंगमेहनतीचं काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हात किंवा खांदा दुखावून कित्येक आठवडे उलटले, सूज उतरली, तरी ओझं उचललं की कळ येतेच, अशा लोकांचे प्रश्न सतत येत असतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. मोडलेलं हाड आणि निखळलेला सांधा यांचे उपचार वेगळे. ते इथे नाहीत. सगळं वाचायला वेळ नसेल तर प्रश्न २ आणि प्रश्न ४ एवढे तरी वाचाच.

१. दीड महिना झाला, हात अजून दुखतोय. साधी लचक एवढी रेंगाळते का?

रेंगाळते. स्नायू नुसता ताणला गेला असेल तर दोन-तीन आठवड्यांत ठीक होतो. काही तंतू तुटले असतील तर चार ते आठ आठवडे जातात. त्यानंतरही दुखत राहिलं तर ते बहुधा टेंडनचं दुखणं असतं. टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारा चिवट पट्टा. त्याला रक्तपुरवठा बेताचाच असतो, म्हणून तो सावकाश सुधारतो.

दुखणं नेमकं कुठे आहे यावरून बराच अंदाज येतो. खांद्याच्या बाहेरच्या अंगाला, दंडाच्या वरच्या भागात दुखत असेल आणि हात डोक्यावर नेताना किंवा शर्टाच्या बाहीत घालताना कळ येत असेल, तर बहुधा रोटेटर कफ दुखावलेला असतो. खांद्याचा गोळा खोबणीत नीट धरून ठेवणाऱ्या चार स्नायूंचा हा गट. कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या टोकाशी दुखत असेल आणि कपडे पिळताना, पाना फिरवताना, बादली धरताना पकड सुटत असेल, तर तो टेनिस एल्बो. तो होण्यासाठी टेनिस खेळावं लागत नाही. हातोडा, करवत किंवा स्क्रू-ड्रायव्हर दिवसभर चालवणं पुरेसं असतं.

२. घरी काही करून पाहण्याआधी डॉक्टरांकडे कधी जायलाच हवं?

पुढचं काहीही असेल तर थांबू नका.

छातीत दडपण, घाम, धाप, मळमळ यांच्यासोबत हात किंवा खांदा दुखत असेल, तर ते हृदयाचं असू शकतं. डावा हात असो वा उजवा, ताबडतोब रुग्णालय गाठा.

पडल्यावर किंवा जोराचा हिसका बसल्यावर हात वर उचलताच येईनासा झाला, तर रोटेटर कफ पूर्ण फाटलेला असू शकतो. अशी ताजी फाट काही आठवड्यांच्या आत तज्ज्ञांनी पाहिली तर उपचाराचे पर्याय जास्त राहतात. उशीर झाला की तुटलेलं टोक आत ओढलं जातं आणि स्नायूत चरबी भरू लागते. "कट्" असा आवाज होऊन दंडाच्या पुढच्या भागात गोळा उतरला, तर बायसेप्सचा टेंडन तुटला असण्याची शक्यता असते. कोपराच्या पुढच्या खळगीत असं झालं असेल तर त्याच आठवड्यात दाखवा.

सांधा लाल, गरम होऊन ताप येणं, हातातली ताकद कमी होत जाणं, बोटं बधिर होणं, पूर्वी कर्करोग झालेला असणं, कारण नसताना वजन उतरणं, कोणत्याही स्थितीत न थांबणारा रात्रीचा ठणका: यांतलं काहीही असेल तर आधी तपासणी, मग व्यायाम.

३. हात बरा होईपर्यंत पूर्ण विश्रांतीच घेऊ का?

पहिले दोन-चार दिवस हाताला जपा. त्यापुढे पूर्ण विश्रांती उलट नडते. न वापरलेला स्नायू काही दिवसांतच ताकद गमावायला लागतो, खांदा आखडतो आणि टेंडनची भार सोसायची तयारी कमी होते. मग महिनाभर गळ्यात झोळी अडकवून बसलेला माणूस कामावर परततो, आणि काम तेच असूनही त्या हाताला आता ते जड जातं. दुखणं पुन्हा उफाळतं, तो पुन्हा विश्रांती घेतो, हात आणखी कमजोर होतो. रेंगाळलेल्या दुखण्यांपैकी कितीतरी याच चक्रात अडकलेली असतात.

उलट टोकही तितकंच वाईट. "दुखतंय तर दुखू दे, कामाने मोकळं होईल" म्हणून पूर्वीएवढंच ओझं रेटत राहिलं की टेंडनला सावरायला उसंत मिळत नाही. हात बरा होतो तो मोजून दिलेल्या भाराने. तो कसा मोजायचा ते प्रश्न ४ मध्ये आहे.

४. दुखत असताना हात वापरला तर आतलं आणखी फाटणार नाही का?

ही भीती बहुतेकांना असते आणि ती अगदी स्वाभाविक आहे. पण रेंगाळलेल्या दुखण्यात वेदना आणि नुकसान यांचं प्रमाण जुळत नाही. आठवडेच्या आठवडे दुखत राहिलेल्या भागातल्या नसा हळव्या होतात आणि थोड्याशा भारालाही मोठी कळ देतात. म्हणून "जरासुद्धा दुखता कामा नये" हा नियम लावला तर हात कधीच कामाला लागणार नाही.

त्याऐवजी वेदनेला शून्य ते दहा असे गुण द्या. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन न होणारी. काम किंवा व्यायाम करताना तीन-चारपर्यंत दुखलं तर चालतं. पाचाच्या वर गेलं की वजन कमी करा, वेग कमी करा किंवा हात तेवढा वर नेऊ नका.

त्याहून महत्त्वाची आहे दुसऱ्या दिवशीची सकाळ. उठल्यावर हात रोजच्याइतकाच असेल, तर कालचा भार झेपला. रोजच्यापेक्षा जास्त ठणकत असेल, आखडला असेल, तर काल जास्त झालं. आज भार निम्मा करा, पण शून्य करू नका. टेंडनचं वैशिष्ट्यच असं की भार पडत असताना ते फारशी तक्रार करत नाही, काही तासांनी करतं. म्हणून "काम करताना तर काहीच वाटलं नव्हतं" हा पुरावा पुरेसा नाही. रोज सकाळी एकच ठरलेली हालचाल करून पाहा, उदाहरणार्थ वरच्या फळीवरचा डबा काढणं किंवा भरलेला तांब्या कोपर सरळ ठेवून उचलणं, आणि गुण वहीत लिहा. आठवणीवर विसंबू नका, वाईट दिवस तेवढे आठवतात.

प्रश्न २ मधली लक्षणं असतील तर मात्र हा नियम लागू नाही.

५. नेमके कोणते व्यायाम, आणि किती?

सुरुवात न हलवता करायच्या व्यायामापासून. खांद्यासाठी: भिंतीला दुखरी बाजू करून उभे राहा. कोपर काटकोनात वाकवून अंगाशी ठेवा, कोपर आणि बरगडी यांच्यामध्ये घडी घातलेला टॉवेल धरा. आता हाताची मागची बाजू भिंतीवर दाबा, सगळा जोर न लावता निम्म्या जोराने. ३० ते ४५ सेकंद धरा, मिनिटभर सोडा, असं चार-पाच वेळा. टॉवेल खाली पडला तर कोपर अंगापासून सुटलं असं समजा. श्वास रोखू नका. या व्यायामाने अनेकांना लगेच थोडं हलकं वाटतं, आणि दुखरा हात जोर लावू शकतो हा विश्वास येतो.

सकाळच्या परीक्षेत दोन आठवडे हात टिकला की हालचालीचे व्यायाम घ्या: रबरी पट्टा ओढून हात बाहेर फिरवणं, भिंतीला टेकून जोर मारणं, पट्टा दाराला अडकवून मागे ओढणं, अर्धा-एक किलोचं वजन अंगठा वर ठेवून तिरकं पुढे उचलणं. पाठीतल्या खवाट्याचे स्नायू विसरू नका. हात पूर्ण वर जातो तेव्हा ढोबळमानाने दोन तृतीयांश हालचाल खांद्याच्या सांध्यात होते आणि एक तृतीयांश खवाट्याच्या फिरण्यातून. खवाटा नीट फिरला नाही की सगळा ताण सांध्यावर येतो.

टेनिस एल्बोसाठी हात टेबलावर टेकवा, तळवा खाली, मनगट कडेबाहेर. हातात लहान वजन धरा. दुसऱ्या हाताने मनगट वर उचलून द्या आणि दुखऱ्या हाताने ते तीन-चार सेकंद घेत खाली सोडा. सोडण्याची ही सावकाश क्रियाच खरा व्यायाम आहे, आणि घाईत बहुतेक जण नेमकी तीच उरकतात.

दहा ते पंधरा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. शेवटच्या दोन-तीन वेळा जड वाटल्या पाहिजेत. सहज व्हायला लागलं की थोडं वजन वाढवा. सहा महिने त्याच रबरी पट्ट्यावर थांबणारे लोक खूप आहेत. तेवढ्याने पोतं उचलायची ताकद येत नाही.

६. दिवसभर अंगमेहनतच करतो. मग वेगळा व्यायाम कशाला?

कारण कामात भार तुम्ही ठरवत नाही, काम ठरवतं. फावडं मारताना त्याच स्नायूंवर तोच ताण शेकडो वेळा येतो आणि विश्रांती कधी मिळेल ते समोरच्या ढिगावर अवलंबून असतं. जे स्नायू कमजोर आहेत त्यांना शरीर हुशारीने वगळतं; खांदा वर आखडून, कंबर वळवून काम निभावून नेतं. काम होतं, पण दुबळा स्नायू दुबळाच राहतो. व्यायामात तोच स्नायू निवडून, मोजून भार देता येतो आणि मध्ये एक दिवस सोडता येतो. जड कामाच्या दिवशी मात्र जड व्यायाम करू नका. दोन्हींची बेरीज एकाच टेंडनवर पडते.

७. रजा मिळत नाही. काम चालू ठेवून हात बरा होईल का?

बहुतेकांचा होतो, पण कामाची पद्धत बदलावी लागते.

सगळ्यात मोठा फरक अंतराने पडतो. पाच किलोची वस्तू हात सरळ लांबवून धरली तर ती खांद्यापासून सुमारे ६० सेंटीमीटरवर असते. कोपर वाकवून ती ३० सेंटीमीटरवर आणली की तिचा खांद्यावरचा ताण निम्मा होतो. वजन तेच, माणूस तोच. म्हणून आधी जवळ जा, मग उचला. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेल्या सूत्रात दोन्ही हातांनी उचलायच्या वजनाची मर्यादा २३ किलो धरली आहे, तीही ओझं अंगाला लागून, सोयीच्या उंचीवर, अंग न वळवता आणि क्वचित उचलायचं असेल तेव्हा. यातली एकेक अट सुटत गेली की मर्यादा खाली येते. मग दुखावलेल्या हाताने ५० किलोचं पोतं एकट्याने खांद्यावर घेणं काय ठरेल, ते तुम्हीच पाहा.

दुसरी गोष्ट उंची. खांद्याच्या वर हात ठेवून केलेलं काम रोटेटर कफला सर्वांत महाग पडतं. छत रंगवणाऱ्याचं पाहा: हात डोक्यावर, मान मागे, रंगाने जड झालेला रोलर काठीच्या टोकाला. तो शिडीच्या दोन पायऱ्या वर चढला, किंवा मजबूत घोडीवर उभा राहिला, की तोच हात छातीच्या उंचीला येतो. पायऱ्या चढायचा कंटाळा येतो हे खरं आहे, पण खांद्याचं दुखणं त्यापेक्षा फार जास्त दिवस टिकतं.

तिसरी गोष्ट आलटापालट. सकाळभर वरची कामं आणि दुपारभर खालची असं न करता अर्ध्या-पाऊण तासाने काम बदला. चार खेपा जड मारण्यापेक्षा आठ खेपा निम्म्या मारा. पिळायच्या कामात जाड मुठीची हत्यारं घ्या, म्हणजे पकडीला कमी जोर लागतो. ड्रिल, ब्रेकर यांसारखी थरथरणारी यंत्रं पहिल्या महिन्यात शक्यतो दुसऱ्याकडे द्या.

वरिष्ठांशी बोलताना "हात दुखतो" एवढंच सांगू नका. "तीन आठवडे खांद्याच्या वरचं काम नको, दहा किलोपर्यंत उचलेन" असं सांगा. नेमकं सांगितलेलं मान्य व्हायची शक्यता जास्त असते. फिजिओथेरपिस्टकडून तसं लिहून घेतलं तर उत्तमच.

८. बर्फ लावू की शेक घेऊ?

ताज्या दुखापतीत पहिले दोन-तीन दिवस वेदना कमी करायला बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावा. रेंगाळलेल्या दुखण्यात बहुतेकांना शेकाने बरं वाटतं, विशेषतः कामापूर्वी. दोन्हींचं काम आराम देणं एवढंच. टेंडन त्याने भरून येत नाही. विश्रांती-बर्फ-दाब-उंचावणं हे सूत्र १९७८ मध्ये मांडणारे डॉ. गेब मिरकिन यांनीच पुढे सांगितलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरं होणं लांबू शकतं.

९. मालिश, चोळणं, पट्टा बांधणं यांचा उपयोग होतो?

हलक्या मालिशने तात्पुरतं सैल वाटतं, तेवढ्यासाठी जरूर करा. दुखऱ्या हाडाच्या टोकावर जोराने रगडणं टाळा, आणि "शीर जागेवर बसवतो" म्हणून कुणी हिसका देत असेल तर देऊ देऊ नका. टेनिस एल्बोचा पट्टा कोपराच्या जरा खाली बांधून काम करताना वापरता येतो. घरी आलात की काढा.

१०. गोळी घेऊन कामावर जातो. चालेल ना?

कामाआधी गोळी घेण्याची सवय घातक आहे. प्रश्न ४ मधली मोजपट्टीच तिने बोथट होते: भार जास्त झाला हे कळतच नाही. झोप मिळावी म्हणून किंवा व्यायाम सुरू करता यावा म्हणून थोडे दिवस घेणं वेगळं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या पोट आणि किडनीला त्रास देऊ शकतात. अल्सर, किडनीचा विकार, हृदयविकार असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या अँटिबायोटिक्सनी टेंडन दुखावण्याचा, क्वचित तुटण्याचा धोका वाढतो. साठीनंतर आणि सोबत स्टेरॉइड चालू असल्यास अधिक. दुसऱ्या आजारासाठी औषध लिहून घेताना टेंडनच्या दुखण्याची कल्पना द्या.

११. इंजेक्शनने एका दिवसात मोकळं होतं म्हणतात. घेऊ का?

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे छान वाटतं हे खरं आहे. टेनिस एल्बोत मात्र, वर्षभराने पाहिलं तर इंजेक्शन घेतलेल्यांची स्थिती न घेतलेल्यांपेक्षा वाईट आणि दुखणं उलटण्याचं प्रमाण जास्त, असं अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून तिथे माझा कल नाही म्हणण्याकडे आहे. खांद्यात, वेदनेमुळे झोप आणि व्यायाम दोन्ही अडले असतील, तर एखादं इंजेक्शन उपयोगी पडतं; पण मिळालेले ते आठवडे व्यायामाला लावले तरच. घेतल्यावर पुढचे आठ-पंधरा दिवस जड ओझं नको. मधुमेहींची साखर काही दिवस वाढते, ती तपासत राहा.

१२. एमआरआयमध्ये 'पार्शल टेअर' आलं आहे. ऑपरेशन करावंच लागेल?

बहुधा नाही. कसलाही त्रास नसलेल्या लोकांच्या खांद्यातही अशा फाटी सर्रास सापडतात, आणि वयाबरोबर त्यांचं प्रमाण वाढतं. न दुखणाऱ्या खांद्याचाही एमआरआय काढला तर तिथेही काही ना काही निघू शकतं. वयाने झिजून आलेली अर्धवट फाट असेल तर आधी तीन महिने नेटाने व्यायाम, मग निर्णय. अपघाताने झालेली पूर्ण फाट हा अपवाद. त्यासाठी प्रश्न २ पाहा.

१३. खांदा दिवसेंदिवस आखडतच चाललाय. हे तेच दुखणं का?

कदाचित नाही. दोन्ही कोपरं अंगाला लावून काटकोनात वाकवा आणि हात बाहेर उघडा. दुखरा हात स्पष्ट कमी उघडत असेल, आणि दुसऱ्या कुणी हलक्या हाताने नेऊनही पुढे जात नसेल, तर फ्रोजन शोल्डरचा संशय घ्यावा. तो चाळिशी ते साठीत जास्त दिसतो, मधुमेहींमध्ये तर खूपच. एक ते तीन वर्षं चालतो. सुरुवातीच्या ठणक्याच्या काळात जोर लावून हात ताणला तर त्रास वाढतो, म्हणून तेव्हा प्रश्न ५ मधले जड व्यायाम थांबवा. आधी निदान करून घ्या. साखर कधी तपासली नसेल तर हीच वेळ.

१४. दुखणं खांद्यातलं की मानेतलं, कसं ओळखू?

मान वळवली की हातात कळ उतरते, मुंग्या कोपराच्या खाली बोटांपर्यंत जातात, तळहात डोक्यावर ठेवला की उलट बरं वाटतं: असं असेल तर मूळ मानेत असण्याची शक्यता जास्त. हात हलवल्यावरच दुखतं आणि दुखणं सहसा कोपराच्या वरच थांबतं, तेव्हा खांदा. दोन्ही एकत्रही असू शकतात.

१५. रात्री त्या कुशीवर झोपताच येत नाही.

दुसऱ्या कुशीवर झोपा आणि दुखरा हात छातीपुढे ठेवलेल्या उशीवर टेकवा, म्हणजे तो पुढे लोंबत नाही. उताणे झोपत असाल तर कोपराखाली पातळ उशी ठेवा. झोपेचा हा प्रश्न किरकोळ समजू नका: झोप मोडलेल्या माणसाला तीच कळ जास्त लागते.

१६. बरं वाटलं म्हणून कामाला लागलो, आठवड्यात पुन्हा उलटलं. आता पहिल्यापासून सुरुवात?

नाही. असं उलटणं बहुधा भार एकदम वाढल्याने होतं, नवीन फाट पडल्याने नव्हे. वेदना गेली म्हणजे ताकद आली असं होत नाही. ताकद कित्येक आठवडे मागे असते. दोन-तीन दिवस भार निम्मा करा, न हलवता करायचे व्यायाम चालू ठेवा आणि सकाळचे गुण मूळ पातळीवर आले की उलटायच्या आधीच्या आठवड्यातल्या पायरीवरून पुढे जा. परतताना पहिला आठवडा साधारण निम्म्या कामाचा ठेवा, मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा. एका वेळी एकच गोष्ट वाढवा: वजन, तास किंवा उंची.

१७. तीन महिने सगळं केलं, फरक नाही. आता काय?

आधी वही काढून पाहा. व्यायाम खरोखर एक दिवसाआड झाले का, वजन वाढलं का, की तीन महिने एकच पट्टा ओढला? कामात खांद्याच्या वरचे तास कमी झाले का? धूम्रपान चालू आहे का? त्याने टेंडन भरून यायला उशीर होतो. सगळं जागेवर असूनही फरक नसेल, तर निदानच पुन्हा तपासायला हवं, आणि त्यासाठी अस्थिरोगतज्ज्ञ किंवा अनुभवी फिजिओथेरपिस्टकडे जा. जाताना वही सोबत न्या: रोजचे सकाळचे गुण, कोणत्या कामाने दुखणं वाढतं, कोणता व्यायाम किती वजनाने केला, कोणत्या गोळ्या किती दिवस घेतल्या. दहा मिनिटांच्या भेटीत डॉक्टर प्रश्न विचारून जेवढं काढतील त्याहून जास्त त्या पानांत असेल.